जागेचं डिपॉझिट आणि बँकेचा कागद

न्यू जर्सीत राहायला घर भाड्याने घेतलं तर तुमचं डिपॉझिट कायदा सांभाळतो. काही लहान घरं सोडली तर दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, रक्कम वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावी लागते, आणि इमारत विकली गेली तरी नव्या मालकाला हात झटकता येत नाहीत. त्याच रस्त्यावर चार पावलं पुढे जाऊन तुम्ही गाळा घेतलात, गोदाम घेतलंत किंवा दातांचा दवाखाना थाटलात, की यातलं काही म्हणजे काही लागू होत नाही. तो कायदा फक्त राहत्या घरांचा. धंद्याच्या जागेत लीजमध्ये लिहिलंय तेवढंच तुमचं, आणि लीज लिहिणारा बहुतेक वेळा मालकाचा वकील असतो.

आम्ही भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि उपवासाची पिठं दळून पाकिटात भरतो, आणि आसपासच्या तीन राज्यांतल्या देशी दुकानांना पुरवतो. 2016 साली मिडलसेक्स काउंटीत पहिला गाळा घेतला तेव्हा भाडं महिन्याला 6,000 डॉलर होतं आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे 18,000 डॉलर रोख. चेक दिला, पावती घेतली. ते पैसे कुठल्या खात्यात गेले हे विचारायचा हक्क लीजने आम्हाला दिला नव्हता, आणि मालकाने ते स्वतःच्या रोजच्या खात्यात घातले यात बेकायदा काही नव्हतं. 2020 नंतर शेजारचे गाळे रिकामे होत गेले, मालकाचे कर्जाचे हप्ते थकले, कोर्टाने रिसीव्हर नेमला. इमारत आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे आणि तिच्याकडून नव्या मालकाकडे गेली. आम्ही भाडं एकदाही चुकवलं नव्हतं. लीज संपल्यावर डिपॉझिट मागितलं, तर नव्या मालकाच्या मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर आलं: ते आमच्याकडे आलेलंच नाही.

त्याचं म्हणणं कागदाला धरून होतं. लीजबरोबर मालकाच्या कर्ज देणाऱ्या बँकेचा एक तीन-चार पानी करार सही करायला येतो, त्याला सगळे एसएनडीए म्हणतात. मालकाने कर्ज बुडवलं तरी बँक तुम्हाला जागेतून काढणार नाही, बदल्यात तुम्ही जो नवा मालक येईल त्याला मालक मानायचं, असा हा सौदा. तो भाडेकरूच्याही फायद्याचा असतो. पण त्यात जवळजवळ नेमाने एक कलम असतं: जे डिपॉझिट प्रत्यक्ष आमच्या हातात आलं नाही, ते परत करायला आम्ही बांधील नाही. आमच्या वकीलबाईंनी ते कलम काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. बँक हलली नाही, आणि त्या सहीशिवाय जागा मिळत नव्हती.

जुन्या मालकावर दावा लावता आला असता. पण तो मालक म्हणजे त्या एका इमारतीपुरती काढलेली एलएलसी, मर्यादित जबाबदारीची कंपनी. इमारत गेल्यावर तिच्याकडे उरतं एक नाव आणि एक टपालपेटी. मालकाने रीतसर दिवाळखोरी जाहीर केली असती तरी आमचा नंबर शेवटच्या रांगेतच लागला असता. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात घरगुती भाडेकरूच्या डिपॉझिटला ठरावीक मर्यादेपर्यंत अग्रक्रम आहे. धंद्याच्या डिपॉझिटला तो नाही.

रोख डिपॉझिटकडे मी तेव्हापासून एकाच नजरेने बघते. तुम्ही मालकाला बिनव्याजी कर्ज देता, तेही काही तारण न घेता आणि त्याची पत न तपासता. मालक मात्र तुमचे तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न मागतो.

हडसन ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की चित्र थोडं बरं आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे दुकानाचं डिपॉझिटसुद्धा भाडेकरूचेच पैसे मानले जातात; मालकाने ते विश्वस्त म्हणून ठेवायचे, स्वतःच्या पैशांत मिसळायचे नाहीत, आणि इमारत विकली तर पाच दिवसांच्या आत नव्या मालकाच्या स्वाधीन करायचे. कॅलिफोर्नियातही धंद्याच्या डिपॉझिटसाठी वेगळं कलम आहे, पण तिथल्या छापील लीजमध्ये भाडेकरूने त्यातले हक्क सोडून दिल्याचं बहुधा आधीच लिहिलेलं असतं. तेव्हा राज्य कुठलं, हे आधी बघा. मैत्रिणीच्या रेस्टॉरंटचं लीज न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं असेल तर तिचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालेलच असं नाही.

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही मोठी जागा बघितली. भाडं 14,000 डॉलर, मुदत दहा वर्षं, आणि मालकाला सहा महिन्यांची हमी हवी होती: 84,000 डॉलर. रोख द्या किंवा स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट द्या, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. नवऱ्याचं मत रोख देऊन मोकळं व्हावं. माझं मत तुम्ही ओळखलंच असेल.

मालाची आयात करणाऱ्यांना लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, नवी नाही. जहाजावर माल चढल्याचे कागद बँकेत दिले की विकणाऱ्याला पैसे मिळतात. तिथे पैसे दिले जाणं हीच अपेक्षा असते. स्टँडबाय एलसी त्याच कुळातली, पण ती वापरली जाऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. तुमची बँक मालकाला लिहून देते की अमुक शब्दांतला कागद तू आमच्याकडे आणलास तर आम्ही तुला 84,000 पर्यंत पैसे देऊ. तो कागद येईपर्यंत मालकाच्या हातात एक छदामही नसतो. उद्या त्याची इमारत बुडाली तर तुमचे पैसे तिच्याबरोबर बुडत नाहीत. इतकीच या प्रकाराची खरी मोठी कमाई आहे, आणि माझ्या मते ती पुरेशी आहे. बाकीचे जे फायदे ब्रोकर सांगतात ते परिस्थितीवर अवलंबून असतात.

उदाहरणार्थ खर्च. आमच्यासारख्या लहान कंपनीला कुठलीच बँक नुसत्या शब्दावर एलसी देत नाही. पूर्ण 84,000 ची सीडी, म्हणजे मुदत ठेव, काढून ती बँकेकडे तारण ठेवावी लागली, म्हणजे पैसे अडकायचे ते अडकलेच. शिवाय वर्षाला दीड टक्का फी, 1,260 डॉलर. फी साधारण एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असते आणि थोडी घासाघीस चालते. पण सीडीवरचं व्याज आमचं. जुलै 2023 मध्ये फेडने, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, आपला दर सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला होता. साडेचार टक्क्यांची सीडी धरली तरी वर्षाला 3,780 डॉलर येतात, फी जाऊन अडीच हजार हातात राहतात. 2021 मध्ये, व्याज शून्याला टेकलेलं असताना, हाच हिशेब उलटा पडला असता. तेव्हा एलसी स्वस्त की महाग, याचं कायमचं उत्तर नाही. सही करायच्या आठवड्यातला सीडीचा दर घ्या आणि मांडून बघा.

बँकेच्या बाजूचे कागद लोक वाचत नाहीत, आणि मला त्याचं नवल वाटतं, कारण खरा फास तिथे असतो. मालकाने एलसीवर पैसे उचलले की बँक ते तुमच्याकडून वसूल करणार, असा वेगळा करार तुम्ही बँकेशी करता. त्यात पुष्कळदा धंद्याच्या मालकांची वैयक्तिक हमी मागितलेली असते. गंमत बघा, मालकाशी भांडून तुम्ही लीजमधली वैयक्तिक हमी काढून घेता, त्या बदल्यात मोठी एलसी देता, आणि तीच हमी बँकेच्या पन्नास कलमांत मागच्या दाराने परत येते. पूर्ण रकमेची सीडी तारण आहे, मग वैयक्तिक हमी कशाला, असं आम्ही विचारलं. पहिल्या बँकेने नकार दिला, दुसरीने मान्य केलं. दुसरीकडे गेलो.

मालकांना एलसी आवडायची कारणं वेगळी आहेत, आणि ती समजून घेतली तर वाटाघाटी करताना कुठे ताणायचं हे कळतं. भाडेकरूने दिवाळखोरीचा अर्ज केला की त्याच्या मालमत्तेवरची सगळी वसुली आपोआप थांबते. रोख डिपॉझिट ही भाडेकरूची मालमत्ता. त्याला हात लावायला मालकाला कोर्टाची परवानगी लागते. एलसीवर मात्र बँक स्वतःचे पैसे देते. ते भाडेकरूच्या मालमत्तेत मोडत नाहीत, म्हणून वसुलीवरची ती बंदी तिथे आड येत नाही. मालक अर्जाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट थोडी किचकट आहे, पण मोठं लीज घेणाऱ्याने माहीत करून घ्यावी. दिवाळखोर भाडेकरूने लीज सोडलं तर मालकाला उरलेल्या सगळ्या वर्षांचं भाडं मागता येत नाही. कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे: एक वर्षाचं भाडं, किंवा उरलेल्या मुदतीच्या 15 टक्के पण तीन वर्षांपेक्षा जास्त नाही, यांतलं जे मोठं असेल ते, आणि आधीची थकबाकी. आमचं आठ वर्षांचं लीज शिल्लक असेल तर 96 महिन्यांचे 15 टक्के म्हणजे 14.4 महिने, भाडं 14,000 धरलं तर 2,01,600 डॉलर. (काही न्यायालयं महिने न मोजता एकूण उरलेल्या भाड्यावर टक्के लावतात, मग आकडा बदलतो.) रोख डिपॉझिट या मर्यादेतून वजा होतं. एलसीचे पैसे वजा होतात का, यावर बराच खल झाला. न्यू जर्सी ज्याच्या हद्दीत येतं त्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2003 मध्ये पीपीआय एंटरप्रायझेसच्या प्रकरणात सांगितलं की दोन्ही बाजूंनी एलसी डिपॉझिटच्या जागी दिली असेल, तर तीही वजा होते. टेक्सास ज्यात येतं त्या पाचव्या सर्किटने 2005 मध्ये, मालकाने दिवाळखोरीत दावाच दाखल केला नव्हता अशा प्रकरणात, वेगळा निकाल दिला. म्हणून लीजमध्ये एक वाक्य स्पष्ट हवं: ही एलसी सुरक्षा डिपॉझिटच्या बदल्यात दिली आहे आणि उचललेली रक्कम डिपॉझिट म्हणूनच धरली जाईल. मालकाचे वकील हे वाक्य टाळायला बघतात. आमच्या वकीलबाई त्यावर ठाम राहिल्या आणि दुसरं काहीतरी सोडून दिलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका परिच्छेदावर गेला. बँकेला कुठला कागद दिला की पैसे मिळतील? मालकाच्या मसुद्यात होतं: मालकाने ‘रक्कम देय आहे’ असं लिहून दिलं की पुरे. कशाबद्दल देय, किती देय, नोटीस दिली का, काही नाही. बँक त्यापलीकडे बघणारच नाही. लीज वेगळं, एलसी वेगळी. लीजमध्ये भाडेकरू बरोबर असला तरी एलसीवर मागणीचा कागद नियमात असेल तर बँकेने पैसे द्यायचेच, हे या सगळ्या व्यवस्थेचं मूळ तत्त्व आहे. मोठी उघड लबाडी असल्याशिवाय कोर्ट बँकेला थांबवत नाही. त्यामुळे एलसीमध्ये ‘आधी पैसे, मग भांडण’ हा क्रम ठरलेला. तो क्रम तुम्ही बदलू शकत नाही. मागणीच्या कागदावर मालकाला काय काय लिहून सही करावी लागेल, तेवढं ठरवू शकता.

आम्ही तीन गोष्टी घालून घेतल्या. लीजनुसार लेखी नोटीस दिली आणि चूक सुधारायची मुदत संपली, हे मालकाने मागणीत लिहायचं. जेवढं थकलंय तेवढीच रक्कम मागायची. आणि थकबाकी भागवून उरलेले पैसे असतील तर ते वेगळ्या खात्यात डिपॉझिट म्हणून ठेवायचे. यातलं पहिलं मालकाला सहसा जड जातं, कारण दिवाळखोरीत नोटीस पाठवायलाच बंदी येते. त्या एका परिस्थितीपुरता अपवाद ठेवला की गाडी पुढे सरकते. खोटं लिहून पैसे उचलले तर मालक मोकळा सुटत नाही, हेही माहीत असावं. युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या पाचव्या भागानुसार मागणी करणारा भाडेकरूला हमी देतो की ही मागणी आपल्यातला करार मोडत नाही. नंतर खटला लढायला तो आधार उपयोगी पडतो.

त्या उन्हाळ्यात आणखी एक नवं कलम सगळ्या लीजमध्ये घुसलं होतं. 10 मार्च 2023 ला सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली, दोन दिवसांनी न्यूयॉर्कची सिग्नेचर, आणि 1 मेला फर्स्ट रिपब्लिक. सिलिकॉन व्हॅली बँकेने कितीतरी नव्या कंपन्यांच्या जागांसाठी एलसी दिल्या होत्या. शुक्रवार ते सोमवार मालकांना कळेना की आपल्या तिजोरीतला कागद काय किमतीचा राहिला. एलसी ही मालकाची ठेव नसते. अडीच लाख डॉलरपर्यंतचा ठेव विमा तिला आपोआप लागू होत नाही. सरकारने ती बँक नव्या ब्रिज बँकेकडे सोपवली आणि पुढे व्यवहार चालू राहिले, पण मालक शहाणे झाले. आता लीजमध्ये लिहितात की एलसी देणाऱ्या बँकेची पत अमुक दर्जाखाली गेली तर भाडेकरूने दहा दिवसांत दुसऱ्या बँकेची एलसी आणायची, नाहीतर तो लीजचा भंग.

दहा दिवसांत कुणीही एलसी आणू शकत नाही. आम्ही तीस कामकाजाचे दिवस मागितले, आणि भंग मानण्याऐवजी मालकाने रक्कम उचलून रोख डिपॉझिट म्हणून ठेवावी, नवी एलसी आली की ती परत करावी, असं लिहून घेतलं. तेव्हा हे सगळं फार दूरचं वाटत होतं.

पुढच्याच वर्षी ते जवळ आलं. आमची बँक बुडाली नाही, दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि नव्या व्यवस्थापनाला इतक्या लहान स्टँडबाय एलसी सांभाळायच्या नव्हत्या. अशा एलसी एक वर्षाच्या असतात आणि दरवर्षी आपोआप वाढतात. बँकेला वाढवायची नसेल तर तिने मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी मालकाला कळवायचं. तशी नोटीस मालकाला गेली, प्रत आम्हाला आली. आमचा काही दोष नाही, भाडं वेळेवर, तरीही घड्याळ सुरू. नव्या बँकेला एलसी द्यायच्या आधी 84,000 ची नवी सीडी हवी. जुनी बँक म्हणते मूळ एलसी रद्द होऊन परत आल्याशिवाय तारण सोडणार नाही. मालक म्हणतो नवी हातात पडल्याशिवाय जुनी देणार नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या काळात एका लहान धंद्याला 1,68,000 डॉलर उभे करायचे. शेवटी जुन्या बँकेने थेट नव्या बँकेला पत्र दिलं की मूळ कागद मिळताच सीडीचे पैसे तुमच्याकडे वळते करू, आणि दोन्ही एलसी वकीलबाईंकडे एस्क्रोमध्ये ठेवून अदलाबदल झाली. नवी एलसी करायला घेण्याआधी ही अदलाबदल कशी होईल ते बँकेकडून लेखी घेऊन ठेवा. प्रसंग आल्यावर विचारलं तर शाखेतल्या माणसाला उत्तर माहीत नसतं.

मधे एक प्रकार झाला. मालकाच्या मॅनेजरने, बहुधा घाबरून, आमची मुदत संपण्याआधीच जुन्या एलसीवर पूर्ण रकमेची मागणी टाकली. बँकेने ती परत पाठवली. का, तर एलसी इमारतीच्या एलएलसीच्या नावावर होती आणि मागणीवर मूळ कंपनीचं नाव होतं. लीजनुसार ती वेळ चुकीची होती, याच्याशी बँकेला काही देणंघेणं नव्हतं. तिने फक्त नाव बघितलं. बँका इतकं बारीक बघतात यावर विश्वास बसत नसेल तर 1985 चा न्यूयॉर्कमधला बेयेन विरुद्ध अर्व्हिंग ट्रस्ट हा निकाल बघावा. मालाच्या कागदावर ‘सोफान’ ऐवजी ‘सोरान’ छापलं गेलं होतं, तेवढ्यावर बँकेने पैसे नाकारले आणि अपील न्यायालयाने ते बरोबर ठरवलं. मालकाला दुरुस्त मागणी पुन्हा टाकता आली असती. तोपर्यंत अदलाबदल झाली होती.

या काटेकोरपणाचा आनंद मानू नका. तुमच्या कंपनीचं नाव लीजवर, बँकेच्या करारावर आणि एलसीवर एकसारखं आहे का, हे बघायचं काम तुमचंच आहे. कुठल्या नियमांखाली एलसी आहे तेही वाचा. जागेच्या स्टँडबाय एलसीला आयएसपी 98 हे नियम, 1 जानेवारी 1999 पासून लागू असलेले, जास्त सोयीचे पडतात. मालाच्या व्यापारासाठी 2007 साली आलेले यूसीपी 600 पुष्कळ बँका सवयीने टाकतात. फरक कधी दिसतो? मागणी करायच्या शेवटच्या दिवशी बँकच बंद असेल, वादळ किंवा पूर आला असेल, तर आयएसपीमध्ये बँक उघडल्यावर तीस दिवस मिळतात. यूसीपीमध्ये मुदत संपली ती संपली. ही काळजी मालकाची खरी, पण मालक घाबरला की लवकर उचलतो, हे आम्ही बघितलंच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रक्कम दरवर्षी कमी होत जावी असं वेळापत्रक मागा. आमची तिसऱ्या वर्षानंतर दोन टप्प्यांत निम्म्यावर येते. त्यात ‘कधीही लीजभंग न झाल्यास’ असे शब्द असतील तर ते ‘त्या दिवशी लीजभंग चालू नसल्यास’ असे करून घ्या, नाहीतर एकदा भाडं चार दिवस उशिरा गेलं म्हणून सगळं गमवाल. इमारत विकली तर एलसी नव्या मालकाच्या नावावर करायची बँकेची फी मालकाने द्यावी. आणि रोख डिपॉझिटच द्यायची वेळ आली, कारण रक्कम लहान असेल तर एलसीची यातायात खरोखर परवडत नाही, तर निदान वेगळं खातं आणि त्याचं नाव लीजमध्ये घाला. इमारत विकताना किंवा गहाण ठेवताना मालक तुमच्याकडून जे एस्टॉपेल सर्टिफिकेट सही करून घेतो, त्यात डिपॉझिटची रक्कम स्वतःहून लिहा. विकत घेणाऱ्याला ती आधीच दिसली की तो किंमत ठरवताना मागून घेतो. कर्जवसुलीत गेलेल्या इमारतीत याचा फारसा उपयोग नाही, साध्या विक्रीत असतो.

पुण्यात बाणेरला ऑफिस घेणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोन केला. “आत्या, तुझ्यासारखी एलसी मी इथे देऊ का? मालक दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतोय.” त्याला सांगितलं, तिकडे जागेसाठी एलसी म्हटलंस तर मालक बावचळेल. तिकडचं तिचं रूप म्हणजे बँक गॅरंटी, आणि मोठ्या कंपन्या ती देतातही. तत्त्व तेच. 1999 मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात गॅरंटी चीफ इंजिनिअरच्या नावे होती आणि मागणी केली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरने. सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ग्राह्य धरली नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर तिच्यासाठी इतरांनी दिलेल्या हमीला वसुलीवरची बंदी लागत नाही, हे तिकडच्या दिवाळखोरी कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. पण बँक गॅरंटीच्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, आणि बँकेला दाव्यासाठी मुदतीनंतर बहुधा आणखी एक वर्ष हवं असतं, तेवढा काळ एफडी अडकून पडते.

महाराष्ट्रात मोठ्या डिपॉझिटचा आणखी एक खर्च लोक विसरतात. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर पाव टक्का स्टँप ड्युटी भाड्यावर लागते, तशी परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्या रकमेवरही लागते. जीएसटी मात्र नुसत्या डिपॉझिटवर नाही; मालकाने ते भाड्यात वळतं केलं तर लागतो. करार नोंदवायची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे, तरी भाच्याला म्हटलं, तूच मागे लाग. नोंदवलेल्या करारात डिपॉझिट परत द्यायची तारीख आणि उशिराचं व्याज लिहून घे. त्याने घेतलं. मालक आधी हसला, मग दहाऐवजी सहा महिन्यांवर आला.

एलसीवाल्यांसाठी शेवटचं काम लीज संपल्यावरचं, आणि ते सगळे विसरतात. मालकाने ‘आता एलसी नको’ असा ईमेल पाठवून भागत नाही. मूळ कागद आणि त्यावरच्या सगळ्या दुरुस्त्यांच्या मूळ प्रती, रद्द करायला संमती आहे अशा मालकाच्या सहीच्या पत्रासह, बँकेत पोहोचल्याशिवाय सीडी सुटत नाही. मूळ कागद हरवला असेल तर बँक वेगळं हमीपत्र मागते, नाहीतर अंतिम मुदत उलटेपर्यंत थांबते. ती अंतिम मुदत लीज संपल्यावर साठ-नव्वद दिवसांची असू दे, त्याहून लांब नको. आणि मालकाच्या त्या पत्राचा मसुदा लीजला परिशिष्ट म्हणून पहिल्याच दिवशी जोडून घ्या, किती दिवसांत सही करून द्यायची ते आकड्यात लिहून.